व्यक्तिगत संभाषण, ११ नोव्हेंबर

३ फेब्रुवारी

संशोधक विद्यार्थिनीस,

वस्तुस्थिती क्रमाने मांडते.

एक. तुझ्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाकडून काल मला एक पाकीट मिळाले. त्यात तुझ्या शोधनिबंधाचे एक पान, संपूर्ण संदर्भसूची आणि एक संमतिपत्र आहे. निबंधाचा विषय ‘लहान मुलांचे प्रश्न आणि मोठ्यांची उत्तरे’ असा दिसतो.

दोन. त्या पानावर तू एक वाक्य उद्धृत केले आहेस. ते असे: ‘ज्याच्याकडून कळलं त्याचं नाव घेतलं, की तो माणूस आपल्या शेजारी येऊन बसतो.’ वाक्यापुढे कंसात माझे आडनाव, नावाचे आद्याक्षर, ‘व्यक्तिगत संभाषण’ हे शब्द आणि गेल्या वर्षाच्या ११ नोव्हेंबरची तारीख आहे.

तीन. व्यक्तिगत संभाषणाचा आधार घ्यायचा, तर बोलणाऱ्या व्यक्तीकडून लेखी खात्री करून घ्यावी, असा नियम आहे. ‘संदर्भलेखन: विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शिका’ या पुस्तिकेतील तो बारावा नियम होय. पुस्तिका मी लिहिलेली आहे. तुझ्या विभागात ती अजून वापरात आहे, हे वाचून समाधान वाटले.

चार. संमतिपत्रात विचारले आहे, ‘वरील विधान आपण केले आहे काय?’ त्याखाली ‘होय’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी आहेत.

पाच. हे विधान मी केलेले नाही.

सहा. ११ नोव्हेंबरला तुझे-माझे बोलणे झालेले नाही. त्या तारखेच्या आधी तीन वर्षे झालेले नाही आणि नंतर आजपर्यंतही नाही.

या सहा गोष्टींमधून निघणारा निष्कर्ष तुला मी सांगण्याची गरज नाही. त्यातून हे वाक्य माझ्या तोंडी शोभणारेही नाही. नाव घेतल्याने कुणी शेजारी येऊन बसत नाही. हे तपासता येत नाही, मोजता येत नाही आणि कुठल्याही मार्गदर्शिकेत छापता येत नाही. मी वर्गात असे काही बोलले असते, तर पहिल्या बाकावरच्या मुलीने वहीतून मान वर केली असती.

कार्यालयीन पत्रात ‘आपण’ लिहावे, याची मला जाणीव आहे. दोन मसुदे तसे केलेही. तिसऱ्यात ‘तू’ आले आणि मी ते खोडले नाही, एवढेच.

संदर्भसूची मी तपासली. मला ती तपासायला सांगितलेली नव्हती. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकही चूक सापडली नाही. प्रकाशनवर्षे, आवृत्त्या, अनुवादकांची नावे, सगळे जागच्या जागी आहे. फक्त माझ्या नावापुढे तू कंसात ‘आई’ असे लिहिले आहेस. ते काढावे. नाते हा संदर्भाचा भाग नसतो.

तुझा राहता पत्ता विभागाने कळवलेला नाही, म्हणून हे पत्र विभागाच्या पत्त्यावर पाठवते. खुलासा लेखी करावा.

माजी प्रमुख, संशोधनपद्धती विभाग


१२ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझे उत्तर मिळाले. वर तारीख नाही. पोस्टाच्या शिक्क्यावर भिंग धरून ती काढावी लागली. मजकूर एका ओळीचा आहे: ‘संभाषण झालं आहे. मी तिथं होते.’

तू तिथे होतीस, हे मान्य करू. पण संभाषणाला दोन माणसे लागतात आणि दुसरे माणूस मी आहे. ११ नोव्हेंबरला मी कुठे होते, हे मला पक्के सांगता येते, कारण त्या दिवशी मी कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. डाव्या कानाने अलीकडे कमी ऐकू येते. काळजीचे कारण नाही. हे केवळ पुराव्यासाठी लिहिते.

त्यांनी मला काचेच्या एका लहानशा खोलीत बसवले, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिले. आवाज आला की दाबायचे. मी दाबले. काचेपलीकडून डॉक्टर म्हणाल्या, ‘बाई, अजून मी काहीच लावलेलं नाही.’ मी त्यांना सांगितले की मला ऐकू आले. त्या म्हणाल्या, ‘होतं असं. माणूस ऐकायला बसला की ऐकू येतं.’ शास्त्रीय शिक्षण झालेल्या व्यक्तीने असे मोघम बोलू नये. मी तसे त्यांना सांगितलेही.

तिथून घरी आल्यावर मी दुपारभर आतल्या खोलीत होते. तू त्या दुपारी येऊन दार वाजवले असशील आणि मला ऐकू गेले नसेल, तर तसे स्पष्ट लिही. बंद दाराशी बोललेले संभाषण ठरत नाही. पण तू आली होतीस का, हे मला नोंदीसाठी हवे आहे.

काल मावशी आली होती. चष्म्याचे दुकान भरदुपारी बंद करून आली, म्हणजे तुझा फोन तिला गेला असणार. आल्या आल्या तिने टेबलावरचे संमतिपत्र उचलले आणि उभ्यानेच वाचले.

‘ताई, सही करून मोकळी हो,’ ती म्हणाली.

‘जे मी बोललेच नाही त्यावर?’

‘अगं, जन्मभर बोलत आलीस. एखादं बरं वाक्य निसटलं असेल तोंडून.’

‘माझ्याकडून वाक्यं निसटत नाहीत.’

‘तेच तर म्हणते मी.’

मग तिने माझा चष्मा माझ्या नाकावरून काढला, पदराने पुसला आणि परत लावला. तिच्या दुकानात ती गिऱ्हाइकांशीही अशीच वागते. ‘पोरगी आहे तुझी,’ ती म्हणाली. ‘परिशिष्ट नाही, शेवटी जोडायला.’

नेहमीप्रमाणे तिने जुना विषय काढला. माझी भूमिका तुला माहीत आहे. तरीही एकदा लिहून ठेवते. तीन वर्षांपूर्वी तू आमच्याच विभागात निबंध सादर केलास. त्याच्या सूचीतील चार पुस्तके तू उघडूनही पाहिली नव्हतीस. दुसऱ्या कुणाच्या सूचीतून ती उचलली होतीस आणि तसे म्हटले नव्हतेस. त्यांपैकी एका पुस्तकाची तू दिलेली आवृत्ती कधी निघालेलीच नव्हती. मूळ सूचीतली छापील चूक तू जशीच्या तशी उतरवलीस. मी ते समितीला कळवले. समितीने निबंध रद्द केला, तुझे वर्ष गेले आणि तू घर सोडलेस. जाताना म्हणालीस, ‘आई, मी काहीही सांगितलं की तू आधी विचारतेस कुठून. मग ऐकतेस.’ कळवणे माझे काम होते. आजही तोच निबंध समोर आला, तर मी तेच करीन. तू दार ओढून घेतलेस तेव्हा मी पेन्सिलीला टोक करत होते. ते टोक त्या दिवशी तीनदा मोडले.

तेव्हा तू न पाहिलेले पाहिले म्हणालीस. आता न झालेले झाले म्हणतेस. पहिला आळस होता. दुसऱ्याला काय म्हणायचे, ते मी अजून लिहीत नाही.

मावशी निघताना मी सहज विचारले, तुझ्याकडे लिहायला नीट टेबल आहे का, की मांडीवर घेऊन लिहितेस. ‘तिलाच विचार की,’ ती म्हणाली.

विचारते.

आई


१९ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझ्या मार्गदर्शकांचा फोन आला. वयाने लहान वाटले. मी ‘हॅलो’ म्हणायचा अवकाश, लगेच म्हणाले, ‘मॅडम, आवाजावरूनच ओळखलं.’

‘आपण कधी भेटल्याचं मला आठवत नाही.’

‘भेटलो नाही, मॅडम. पण ओळखलं.’ आणि हसले. पदावरच्या माणसांनी अशी साखरपेरणी केलेली मला आवडत नाही. मात्र नंतरचे बोलणे मुद्देसूद होते, हे मान्य केले पाहिजे.

त्यांनी सांगितले ते असे. संमतिपत्र महिनाअखेर त्यांच्या हाती पडायला हवे. उत्तर आले नाही, तर ते ‘नाही’ समजले जाईल. ‘नाही’ म्हणजे बनावट आधार, आणि बनावट आधार म्हणजे शिस्त समिती. तुझ्या नावावर आधीची एक नोंद आहे. दुसरी झाली, तर तुझे नाव कायमचे कमी होईल आणि पुढे कुठेही प्रवेश मिळणार नाही.

आधीची नोंद माझ्या अक्षरात आहे. ती फार सुवाच्य आहे, असे ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नाही, ते मला ठरवता आले नाही.

‘ते एक वाक्य काढून टाका,’ मी म्हटले. ‘निबंध त्याच्याशिवायही उभा राहायला हवा.’

‘मीही हेच सुचवलं होतं, मॅडम. ती म्हणाली, वाक्य काढलं तर निबंधही मागे घेते. सगळं त्या वाक्यातूनच निघालंय म्हणते.’ पुढे ते म्हणाले, ‘तुम्हाला विचारू नका, असंही म्हणाली होती. आईला आठवणार नाही म्हणाली. पण नियम तुमचाच आहे, त्यामुळे आमचा नाइलाज झाला.’

तेव्हा आता परिस्थिती अशी. मी ‘होय’वर खूण केली, तर मी खोटी. ‘नाही’वर केली, तर तू. मी एकतीस वर्षे या विषयाचे अध्यापन केले. त्या काळात माझ्यासमोर असे विद्यार्थी आले आणि त्यांचे आईवडीलही आले. काही रडले. मी त्यांना पाणी दिले आणि निर्णय बदलला नाही. त्यांच्या खुर्चीत बसून पाहण्याचा प्रसंग माझ्यावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते आणि ती खुर्ची मला आवडलेली नाही.

मला आठवणार नाही, असे तू म्हणालीस. तेव्हा मी आठवून पाहायचे ठरवले. पद्धतशीरपणे, एकेका खोलीतून. प्रत्येक खोलीत उभी राहून मी ते वाक्य मोठ्याने म्हटले. कशासाठी, ते विचारू नकोस.

स्वयंपाकघरात ते बसत नाही. तिथे मी नेहमी घाईत असे आणि घाईत माणूस इतके लांब वाक्य बोलत नाही. अभ्यासिकेत तर नाहीच. तिथे दुसरी खुर्चीच नाही, कारण तिथे कुणी बसलेले मला चालत नसे. जेवणाच्या टेबलाशी मात्र मी थोडी अडखळले. या टेबलावर आपल्या घरचा एक रिवाज होता, तो तू विसरली नसशील. कुणी काही माहिती सांगितली, की ती कुठून मिळाली तेही सांगायचे. मग घास घ्यायचा. मी तो रिवाज लावला, आणि तू चारपाच वर्षांची असताना तो माझ्यावरच उलटवलास. उद्या सुट्टी आहे. कुणी सांगितलं? दूध नासलंय. कुणी सांगितलं? तुझे वडील तेव्हा होते. ते म्हणायचे, ‘दुधानंच सांगितलं, कुणीबाई.’ तेव्हापासून तुझे घरातले नाव तेच पडले. मी ते कधी वापरले नाही. मला ते पोरकट वाटे.

टेबलाच्या तुझ्या बाजूच्या कडेला खालून पेन्सिलीच्या रेघोट्या आहेत. इतकी वर्षे मी ते टेबल पुसते आहे, पण खालून कधी पाहिले नव्हते. परवा पडलेले पेन उचलायला वाकले, तेव्हा दिसल्या. काय लिहिले आहे, ते वाचता येत नाही. बहुधा काहीच लिहिलेले नाही.

वाक्य कुठेच सापडले नाही. या घरातल्या एकाही खोलीत मी ते बोललेले नाही, असे मी आता खात्रीने म्हणू शकते.

तरी एक विचारते. कुठे? तू तिथे होतीस म्हणतेस, तर ते ‘तिथे’ कुठे आहे? जागा सांग. परतटपाली सांग, दिवस थोडे उरले आहेत.

आई


२५ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझे दुसरे पत्र मिळाले. या खेपेस तारीख आहे, प्रगती आहे. मजकूर मी इथे उतरवून घेते, म्हणजे वाद राहणार नाही:

‘विद्यापीठाचं ग्रंथालय, तळमजला, श्रवणकक्ष. भिंतीकडची खुर्ची. जे मी स्वतः पाहिलं नाही, स्वतः ऐकलं नाही, ते मी आता लिहीत नाही. हे शिकायला मला एक वर्ष लागलं, तुला माहीतच आहे. टेबल आहे.’

श्रवणकक्ष हा शब्द वाचताच उलगडा झाला. मला इतक्या उशिरा सुचावे, याचे वैषम्य वाटते.

नोकरी करून घरून शिकणाऱ्या बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी मी पूर्वी काही व्याख्याने ध्वनिमुद्रित केली होती. भिंतींना गालिचे ठोकलेली एक खोली होती. उन्हाळ्यात तिथे पंखा लावता येत नसे, कारण पंख्याचा आवाजही मुद्रित होई. त्या कॅसेट ज्या ज्या विद्यापीठांत तो अभ्यासक्रम होता तिथे तिथे पाठवल्या गेल्या. तुझे मार्गदर्शक माझा आवाज कसा ओळखतात, तेही आता कळले. त्यांच्याबद्दल मी लिहिलेला साखरपेरणी हा शब्द मागे घेते.

म्हणजे ११ नोव्हेंबरला तू तिथे बसून माझे व्याख्यान ऐकलेस आणि त्यातले वाक्य घेतलेस. ठीक. मग हा बनावट आधार नाही. ही वर्गीकरणाची चूक आहे. ध्वनिमुद्रित व्याख्यान हे व्यक्तिगत संभाषण नव्हे. ते सातव्या नियमात येते: व्याख्यात्याचे नाव, व्याख्यानाचे शीर्षक, मुद्रणाचे वर्ष, संस्था. पहिल्या सत्रात शिकवले जाते हे. इतकी निर्दोष सूची करणाऱ्या मुलीने सात आणि बारा यांत घोटाळा करावा, याचे मला नवल वाटते. ऐकले म्हणजे आपल्याशीच कुणी बोलले, असे होत नाही.

चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. पत्र वाचून झाल्यावर मी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. हवेसाठी.

तू त्या कक्षात महिन्यातून किती वेळा बसतेस, तिथले हेडफोन तरी धड आहेत का, आणि एवढी पुस्तके आजूबाजूला असताना तू तिथेच का जातेस, हे प्रश्न संदर्भलेखनाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून विचारत नाही.

फक्त एक अडचण राहते. त्या व्याख्यानांच्या संहिता माझ्याकडे आहेत. काल सगळ्या वाचून काढल्या. ते वाक्य त्यांत नाही. मी संहितेबाहेर एक शब्द बोलत नसे. ही माझी ख्याती होती आणि तिच्यावरून माझी चेष्टाही होत असे. सातव्या नियमाखाली तरी ते वाक्य कुठल्या व्याख्यानात आहे, हे दाखवता यायला हवे.

मी स्वतःची मुद्रणे कधीही ऐकलेली नाहीत. ऐकली की मला फक्त चुका ऐकू येतात. पण ऐकल्याशिवाय खूण करणे म्हणजे न उघडलेल्या पुस्तकाची नोंद करणे होय. उद्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाते.

टेबल आहे, हे कळले. बरे झाले.

आई


२७ फेब्रुवारी

चि. कुणीबाई,

ऐकले.

पहिली तीन व्याख्याने निष्कारण ऐकली. चौथ्यात सापडले. ‘ऋणनिर्देश का करावा’ असा त्याचा विषय आहे. ग्रंथपालांनी मला कोपऱ्यातली जागा दिली. डाव्या कानाला त्रास होतो म्हणून मी आवाज पुरता वाढवला. तो बाहेर फुटत होता, असे नंतर समजले. तिथे अभ्यासाला बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले.

आधी एक बाई बोलत होती. आवाज खणखणीत, उच्चार शुद्ध, वाक्ये घासूनपुसून ठेवलेली. तिला मी ओळखले. मग मागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि एक लहान मुलगी म्हणाली, ‘आई, हे सगळं तुला कुणी सांगितलं?’

त्या दिवशी तुझ्या वडिलांना बाहेरगावी जावे लागले होते आणि मावशीला ताप होता, म्हणून मी तुला बरोबर नेले होते. हे मला ऐकताना आठवले. तोवर ते कुठेही नव्हते. तू सहा वर्षांची होतीस.

पुढचे मी जसेच्या तसे उतरवले आहे. तीनदा ऐकून पडताळले आहे.

‘मध्ये बोलायचं नसतं. चालू आहे ते.’

‘पण कुणी?’

‘आमच्या बाईंनी.’

‘त्या कुठं आहेत?’

‘त्या आता नाहीत.’

‘मग त्यांचं नाव कशाला घ्यायचं? त्यांना ऐकूच येणार नाही.’

इथे बराच वेळ काही नाही. नुसती खरखर. मी समजले की संपले. आणि मग ती बाई बोलली. पण आवाज वेगळा होता. पुढे वाकून, कुणाच्या तरी उंचीला येऊन बोलावे तसा. ‘ज्याच्याकडून कळलं त्याचं नाव घेतलं, की तो माणूस आपल्या शेजारी येऊन बसतो.’

‘मग खुर्ची लागेल,’ तू म्हणालीस. ‘आणू?’

आणि ती बाई हसली. मी इतकी मोकळी हसू शकते, याला माझ्याकडे दुसरा कुठलाही आधार नाही. ‘आण,’ ती म्हणाली. मग फरशीवरून खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आहे. लांबवरून, थांबत थांबत. खुर्ची तुझ्याहून मोठी असणार. ती टेकल्याचा आवाज आला, मग मी म्हणाले, ‘एवढं काढून टाका हं,’ आणि संहिता पुढे सुरू झाली.

त्यांनी काढले नाही. सूचना तोंडी दिली की असे होते. तेव्हापासून त्या अभ्यासक्रमाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते ऐकले आहे. तुझ्या मार्गदर्शकांनीही. त्यांना माझ्या आवाजावर हसू का आले, हा प्रश्नही निकालात निघाला.

मी हेडफोन काढले तेव्हा ग्रंथपाल शेजारी येऊन उभ्या होत्या. ‘अजून काही हवंय का, मॅडम?’ त्यांनी विचारले. मी म्हटले, हेच पुन्हा.

आता निर्णय.

मागील पत्रात मी याला सातव्या नियमात टाकले होते. ते चुकीचे होते आणि तपासण्याआधी लिहिले होते. हे वाक्य व्याख्यानाचा भाग नाही. संहितेत नाही, श्रोत्यांना उद्देशून नाही. दोन व्यक्ती एका खोलीत होत्या, एकीने विचारले आणि दुसरीने उत्तर दिले. ही बाराव्या नियमाची व्याख्या आहे, शब्दशः. तू वर्गीकरण बरोबर केले आहेस.

तारीख मात्र चूक आहे. ११ नोव्हेंबरला तू ते ऐकलेस. बोलले गेले तो दिवस कॅसेटच्या वेष्टनावर आहे. तो मी संमतिपत्राच्या समासात लिहिला आहे. संभाषणाची तारीख ते झाले त्या दिवसाची असते, पोहोचले त्या दिवसाची नव्हे. पोहोचायला फार वर्षे लागली, तरीही.

‘होय’वर खूण केली आहे. पुढे ‘दुरुस्तीसह’ असे लिहून सही केली आहे. संमतिपत्र आजच स्पीड पोस्टने जात आहे आणि उद्या, महिनाअखेरच्या आत, पोहोचेल. तुझ्या मार्गदर्शकांना फोन करूनही कळवले. ते म्हणाले, ‘मॅडम, मला खात्री होती.’ मी त्यांना खात्री आणि पुरावा यांतला फरक थोडक्यात सांगितला.

तीन वर्षांपूर्वीच्या निर्णयात मी बदल करीत नाही. ती चार पुस्तके तू उघडली नव्हतीस. पण तू जाताना जे म्हणालीस, त्याचाही पडताळा काल झाला. त्या कॅसेटवर मी ‘कुठून’ असे विचारलेले नाही. तूच विचारतेस, आणि मी ऐकते आहे. तेव्हा तुझे विधान ‘नेहमी’ या अर्थाने खरे नाही. ‘बहुधा’ या अर्थाने ते मला मान्य आहे.

कंसातल्या ‘आई’ या शब्दाबद्दल. नाते हा संदर्भाचा भाग नसतो, असे मी पहिल्या पत्रात ठामपणे लिहिले होते. काल रीतसर आधार द्यावा म्हणून मार्गदर्शिका उघडली. तसा नियम तिच्यात कुठेही नाही. तो शब्द राहू दे.

शेवटचे. बाराव्या नियमाला एक टीप आहे, ती कुणीही वाचत नाही, कारण मी ती फार बारीक टाइपात छापायला लावली. टीप अशी: ‘संभाषण जुने असल्यास, शक्य असेल तर उभय व्यक्तींनी समक्ष भेटून मजकुराची पुन्हा खात्री करावी.’ तुझ्या निबंधातले संभाषण बरेच जुने आहे. उभय व्यक्ती हयात आहेत. त्यांपैकी एकीचा डावा कान अधू आहे. तेव्हा ही खात्री लवकर झालेली बरी, आणि फोनवर होणार नाही.

अभ्यासिकेत दुसरी खुर्ची नव्हती. जेवणाच्या टेबलाजवळची तुझी खुर्ची मी आज तिथे नेली. उचलता आली नाही, ओढत न्यावी लागली. तसाच आवाज झाला.

समक्ष भेट शक्य आहे किंवा नाही, ते लेखी कळव. शक्य असल्यास दिवस आणि वेळ कळव. नसल्यास तेही कळव, पण कारणासह. तोंडी निरोप, मावशीमार्फत आलेले उत्तर किंवा एका ओळीचा मजकूर ग्राह्य धरला जाणार नाही.

वर तारीख घालायला विसरू नकोस.

आई